सुकलं की नाही?

जित्यात जून ते सप्टेंबर काही सुकत नाही. टॉवेल सुकत नाही, पायपुसणं सुकत नाही, दोरीवरचे कपडे घरातल्या घरात नुसते जागा बदलत राहतात. लग्नातल्या कोटाच्या कॉलरवर हिरवट बुरशी येते, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि देवघरातली काडेपेटी पाच-सहा काड्या मोडल्याशिवाय पेटत नाही. आमच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. बाकीच्या गावाने हे वाडवडिलांपासून चालत आलेलं म्हणून पदरात घेतलं आहे. नानांनी घेतलेलं नाही.

जिते म्हणजे पनवेल-रोहा रेल्वेवरचं आपटा आणि हमरापूर यांच्या मधलं स्टेशन. इथे गाडी थांबते, पण गाडीतला माणूस मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. महामार्गाने आलात तर खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल ओलांडायचा, आणि गणपतींच्या कारखान्यांचे फलक दिसायला लागले की समजायचं, जिते आलं किंवा गेलं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत गेलेली खारजमीन. अशा ठिकाणी जन्मून, तिथेच साठी ओलांडून, ज्या माणसाने उभा जन्म फक्त कोरड्या हवेचा ध्यास घेतला, ते आमचे नाना.

नाना कारखान्यात मेन्टेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, ग्रामपंचायतीत जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालतात. नानांनी हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ते घड्याळाच्या शेजारी टांगलेलं आहे आणि घरात येणाऱ्याला चहाच्या आधी त्याचा आकडा मिळतो. "ब्याण्णव!" नाना सांगतात. समोरच्याचा चेहरा कोरा राहिला की पुन्हा, जरा दुखावून, "अरे, ब्याण्णव टक्के! माणूस आहे की मासळी?" नंतर बाहेर पाऊस कोसळत असताना ते दक्षिण अमेरिकेत शिरतात. चिली देशात आटाकामा नावाचं वाळवंट आहे, त्याच्या काठावर अरिका नावाचं गाव आहे, आणि त्या गावात १९०३च्या ऑक्टोबरपासून १९१८च्या जानेवारीपर्यंत पाऊस पडलाच नाही. चौदा वर्षं! हे सांगताना नानांच्या आवाजात जो भक्तिभाव येतो तो नानींना गेल्या चाळीस वर्षांत पंढरपुरातसुद्धा ऐकायला मिळालेला नाही.

"तिकडे टॉवेल किती वेळात सुकत असेल?" नाना स्वतःलाच विचारतात.

"तिकडे आंघोळीला पाणी असतं का, ते आधी विचारा," नानी आतून म्हणतात.

असा माणूस तुमच्याही घरात असणार. त्याचा ध्यास वेगळा असेल. कुणाला थंडी हवी असते, कुणाला शांतता, कुणाला समुद्र, कुणाला समुद्र सोडून काहीही. वर्षाचे अकरा महिने तो घरच्यांना त्या ध्यासाने पिडतो आणि बाराव्या महिन्यात त्यांना गाडीत घालून तिथे नेतो. आमच्या नानांचा बारावा महिना भाताची झोडणी उरकली की लागतो.

आधी नकाशा निघतो. कागदी. मोबाइलमधल्या बाईवर नानांचा विश्वास नाही, कारण ती वळायचं ठिकाण वळण गेल्यावर सांगते. नकाशावर चहाचे डाग आहेत, आणि प्रत्येक डाग कुठल्या सालचा हे नाना सांगू शकतात. लडाख एका वाक्यात बाद होतं: "हवा कोरडी आहे, पण हवाच नाही." जैसलमेर एकदा करून झालंय. तिथल्या किल्ल्यावर नाना इतके खूश होते की ११५६ साली तो बांधायला घेणाऱ्या रावळ जैसलने हवामानाचा अभ्यास करूनच जागा निवडली, असं त्यांनी गाइडलाच ऐकवलं. किल्ल्यात आजही माणसं राहतात, म्हणजे नऊशे वर्षं बिनओलीच्या भिंतींचं सुख! पुढे त्यांच्या वाचनात आलं की नळ आले, सांडपाणी वाढलं, ते किल्ल्याच्या पोटात मुरलं आणि त्यानेच काही बुरूज ढासळले. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. "वाळवंटात ओल!" एवढंच म्हणत होते. तेव्हापासून जैसलमेरचं नाव निघत नाही. आता दरवर्षी कच्छ.

सायकलींचं वेड भाच्याने लावलं. हल्ली गावोगाव पन्नाशीपुढची माणसं डोक्याला हेल्मेट आणि अंगाला घट्ट कपडे घालून पहाटे महामार्गावर दिसतात, त्यातले नाना नव्हेत. घट्ट कपडे घामाने ओले होतात म्हणून नाना सायकलवर सुती सदरा आणि हाफ पँट घालतात. भाच्याची सायकल गिअरची, नानांची काळी ॲटलास, मागच्या कॅरिअरसकट. दोन्ही गाडीच्या टपावर चढतात. त्या बांधायला नानांना पाऊण तास लागतो आणि नंतर प्रत्येक चहाच्या थांब्यावर ते दोरीची एकेक गाठ दाबून बघतात.

टपावरचं सामान हा तरी निदान प्रवासाचा भाग. डिकीतलं सामान हा निव्वळ नानांचा स्वभाव. घरात वर्षभर जे जे सादळलं, ते सगळं कच्छात सुकवायला निघतं. गोधड्या. उशा. चामड्याचे पट्टे. आमच्याबरोबर येणाऱ्या मास्तरांच्या शब्दकोशाचे दोन खंड, ज्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत. कापडात बांधलेले पेणचे पापड, जे घरी आल्यावर महिनाभरात मऊ पडले. एका वर्षी भजनी मंडळाची ढोलकी. पावसाळ्यात तिची पुडी इतकी सैल पडली होती की थाप मारली तर आवाज येण्याऐवजी बोटं आत जात. मंडळाने नवी घ्यायचा ठराव केला, पण नाना म्हणाले, "ढोलकी बरी आहे. तिला हवा मानवत नाही. मी नेतो."

निघायची वेळ पहाटे चार. "चार म्हणजे चार," हे नाना आदल्या दिवशी सकाळपासून बजावतात आणि साडेतीनला प्रत्येकाच्या दारात हॉर्न वाजवतात. मग चार वाजता सगळे गाडीत बसतात आणि नाना आर्द्रतेचं यंत्र घ्यायला पुन्हा घरात जातात. गाडीत नाना, पुढच्या सीटवर भाचा, मध्ये नानी आणि मी, मागे मास्तर आणि शब्दकोश. चारोटीच्या आधी गाडी थांबणार नाही, हा कायदा. मास्तरांना मधुमेह आहे, त्यामुळे हा कायदा घोडबंदरलाच मोडतो, पण नाना तो रद्द करत नाहीत. मोडतो तेव्हा घड्याळ बघतात.

गुजरात लागलं की नाना खिडकीची काच खाली करतात, हात बाहेर काढतात, दोन बोटं एकमेकांवर चोळतात. "अजून चिकट आहे," म्हणतात. भरूचला तेच. बडोद्याला "फरक पडतोय." अहमदाबाद मागे टाकून विरमगाम, ध्रांगध्राच्या बाजूला वळलो की बोटं सुळकन घसरतात. मग नाना गाडी कडेला घेतात, सगळ्यांना उतरवतात आणि फक्त म्हणतात, "घ्या. श्वास घ्या." पाच माणसं हायवेच्या कडेला उभी राहून श्वास घेतात. जाणारे ट्रकवाले हॉर्न देतात. मास्तरांना शिंक येते. नानींचे ओठ तिथूनच फुटायला लागतात आणि पर्समधली खोबरेल तेलाची बाटली पुढचा आठवडाभर आत जात नाही.

हळवदच्या पुढे छोट्या रणात मिठाचे वाफे आहेत. नानांनी ते बघितले आणि गाडी आपोआप वळली. कोरड्या हवेचा भक्त असला तरी माणूस खारेपाटातला. लहानपणी वडिलांबरोबर मिठागरावर राबलेला. तिथे एक नवरा-बायको लाकडी दाताळ्याने वाफ्यातलं मीठ हलवत होते. पाऊस संपला की ही अगरिया माणसं कुटुंबकबिल्यासकट रणात येतात आणि उन्हाळा सरेपर्यंत वाफ्याशेजारी झोपडी बांधून राहतात. नाना मराठीत विचारत होते, ती बाई गुजरातीत सांगत होती, आणि दोघांचं एकही वाक्य वाया गेलं नाही. आपल्याकडे मिठागरात भरतीचं पाणी घेतात. इथे समुद्र लांब, म्हणून जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात सोडतात. पूर्वी डिझेलवर सगळी कमाई जायची, आता बऱ्याच जणांकडे सौरपंप आलेत. नानांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा कडवट आहे. पण दाणा बघ!" नंतर तिच्या नवऱ्याच्या टाचांकडे त्यांचं लक्ष गेलं. भेगांत मीठ बसून पांढऱ्या पडलेल्या. नाना काही बोलले नाहीत. गाडीत येऊन नानींच्या पर्समधली तेलाची बाटली घेतली आणि देऊन आले. नानींनी सामखियाळीला दुसरी विकत घेतली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, यावरून काय समजायचं ते समजावं.

सायकली खऱ्या उतरतात त्या धोळावीराच्या अलीकडे. नानांची चाल ठरलेली: काळी ॲटलास, पाठीमागे कॅरिअरला अडकवलेला ओला टॉवेल. हो, ओला. मुद्दाम भिजवून. दर दोन किलोमीटरला थांबायचं, टॉवेलला हात लावायचा आणि भाच्याला विचारायचं, "सुकलं की नाही?" तिसऱ्या थांब्यावर टॉवेल खडखडीत. मग नानांचा चेहरा बघावा! मुलीच्या लग्नातसुद्धा ते इतके हसल्याचं फोटोत दिसत नाही.

याच रस्त्यावर पंक्चर झालं. कच्छात वेडी बाभूळ माजलेली आहे, आणि तिचा काटा टायरला मुळीच जुमानत नाही. भाच्याकडे नवी ट्यूब होती, पंपही होता, पण नानांनी त्याला हात लावू दिला नाही. सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी केली. दोन चमच्यांच्या दांड्या घालून टायरची कड रिममधून सोडवली. ट्यूब ओढून काढली, हवा भरली. आता पंक्चर कुठे आहे ते बघायला घमेलंभर पाणी लागतं. पाणी प्यायचं होतं तेवढंच. मास्तर म्हणाले, "बाटलीभर वापरू या." नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर शब्दकोशाच्या आडोशाला गेले. मग नानांनी ट्यूब वरच्या ओठाजवळ धरली आणि हळूहळू फिरवायला लागले. मिशी काढलेली होतीच. अर्धं वेटोळं गेलं, पाऊण गेलं. एके ठिकाणी थांबले. "लागला," म्हणाले. ओठाला वारा लागला होता. तिथे पेनाने खूण केली, पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं आणि घड्याळ बघायला लागले. गावाकडे सोल्युशन सुकायला पाच मिनिटं लागतात, पावसाळ्यात दहा, आणि तरी ठिगळ सुटतंच. इथे नानांनी बोट टेकवून बघितलं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दीड मिनिट!" नाना म्हणाले. "बघितलंस? दीड मिनिट!"

ते ठिगळ अजून टिकून आहे. पाहुण्यांना दाखवतात.

धोळावीरा हे प्राचीन नगर १९६०च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या जगत्पती जोशींनी उजेडात आणलं, १९९०पासून आर. एस. बिश्त यांच्या देखरेखीखाली तिथे मोठं उत्खनन झालं, आणि २०२१ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. हे सगळं मास्तरांनी वाचून दाखवलं. नाना नगराच्या तटबंदीकडे बघतसुद्धा नव्हते. ते पाण्याच्या टाकीच्या काठावर उभे होते. सत्तर मीटरहून लांब, दहा मीटर खोल, दगडात कोरून आणि बांधून काढलेली, आत उतरायला पायऱ्या. साडेचार हजार वर्षांपूर्वी दोन बेभरवशाच्या ओढ्यांच्या मध्ये वसलेल्या या माणसांनी ओढे अडवून पावसाचा थेंब न् थेंब असा साठवून ठेवला होता. कोरड्या हवेचा एवढा मोठा भक्त, पण इथे गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आपल्याकडे एवढा पाऊस, तालुक्यात हेटवण्याचं धरण, आणि मे महिन्यात खारेपाटातल्या बाया टँकरमागे धावतात. इथे वर्षाला चारशे मिलिमीटरसुद्धा धड नाही, आणि ह्यांनी गाव वसवलं." वाळवंटाची तारीफ करायला आलेला माणूस पेण तालुक्यावर तासभर चिडून बोलला. परत जाताना टाकीच्या दगडाला हात लावून बघितला. दगड कोरडा होता. जरा बरं वाटलं त्यांना.

धोळावीराहून खावड्याकडे आता रस्ता झालाय. त्यातला तीसेक किलोमीटरचा पट्टा सरळ रणातून जातो. दोन्हीकडे पांढरं, वर निळं, मध्ये काळा डांबरी पट्टा. लोक याला 'रोड टू हेवन' म्हणतात आणि मधोमध आडवे झोपून फोटो काढतात. नानांनी तो सायकलवर पार करायचा घाट घातला. समोरून असा वारा की पायडल मारूनही ॲटलास जागच्या जागी. भाचा गिअर बदलत पुढे निघून गेला. नाना उतरून सायकल हातात धरून चालायला लागले आणि आम्ही गाडीतून त्यांच्या मागे, पहिल्या गिअरवर. "ट्रेकिंगही झालं पाहिजे ना," असं वर आम्हालाच सांगितलं.

तिथेच त्यांना ती गाडी दिसली. एमएच बारा. पुण्याचं कुटुंब. फोटोसाठी भरावावरून खाली पांढऱ्यावर उतरलेलं, आणि पुढची दोन्ही चाकं मिठाच्या पापुद्र्यातून आत गेलेली. रण वरून दिसतं पांढरंफेक आणि कोरडं, पण पावसाळ्यात इथे पाणी भरतं, ते हिवाळ्यापर्यंत वरून आटतं, आणि पापुद्र्याखाली काळा चिखल तसाच राहतो. घरधनी ॲक्सिलरेटर दाबत होते आणि चाक फिरून फिरून आणखी खाली चाललं होतं.

"दाबू नका!" नाना भरावावरून ओरडले. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना तोपर्यंत ऐकलं नव्हतं. ॲटलास मास्तरांच्या हातात दिली. भाच्याने त्यांना वाढदिवसाला दिलेले महागडे हायकिंगचे बूट काढले, मोजे त्यात कोंबले, हाफ पँट आणखी वर खोचली आणि अनवाणी उतरले. दोन पावलं टाकून थांबायचे, अंगठ्याने चाचपायचे, बाजूला सरायचे. राखाडी दिसेल तिथून लांब. जन्मभर ज्या चिखलाला शिव्या दिल्या त्याची खडान्‌खडा माहिती त्या तळपायांना होती. पुण्याच्या गृहस्थांना त्यांनी गाडीतून उतरवलं, चाकांतली थोडी हवा सोडायला लावली, बायकामुलांना एका ओळीत, नाना पाय ठेवतील तिथेच पाय ठेवत, रस्त्यावर आणलं. चाकांमागचा चिखल दोन्ही हातांनी उपसला. आता चाकाखाली काहीतरी घालायला हवं होतं. आजूबाजूला मैलभर काडी नाही.

नानांनी आमच्या डिकीकडे बघितलं. नानींनी नानांकडे बघितलं.

"अहो, नाही हं," नानी म्हणाल्या. "सासूबाईंच्या हातच्या आहेत."

तीन दिवस कच्छाच्या उन्हात वाळवून खडखडीत झालेल्या, नाकाला लावल्या तर नुसत्या उन्हाचा वास येणाऱ्या चारही गोधड्या नानांनी त्या चिखलात अंथरल्या. स्वतःच्या हाताने. मग गृहस्थांना हळूच, अगदी हळूच गाडी मागे घ्यायला सांगितली, आणि भाचा, मी आणि कंबरेपर्यंत काळे झालेले नाना पुढून रेटत राहिलो. गाडी निघाली. पुण्याचे गृहस्थ पैसे देऊ लागले. नानांनी हात जोडले आणि विचारलं, "पुण्यात आता आर्द्रता किती असते हो?"

गोधड्या टपावर टाकल्या. खावड्याला पोचेपर्यंत सुकल्या, पण त्यांत चिखल आणि मीठ असं काही भरलं होतं की उतरवल्यावर त्या घडीच घेईनात. भिंतीला टेकवून उभ्या केल्या. नानी त्या रात्री नानांशी बोलल्या नाहीत, आणि सकाळी त्या पुण्याच्या बाईंचा फोन आला तेव्हा अर्धा तास बोलत बसल्या.

काळा डुंगर हा कच्छातला सर्वांत उंच डोंगर. उंची साडेचारशे मीटरच्या थोडी वर, म्हणजे आमच्या कर्नाळ्याहून फार काही जास्त नाही. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. नानांनी सगळ्यांना पायथ्याशी उतरवलं. "गाडीने चढला तो डोंगर नव्हे." वाटेत एक जागा आहे, तिथे बंद गाडी आपोआप चढावर जाते असं म्हणतात. लोक तिथे गाड्या बंद करून टाळ्या पिटत होते. नानांनी पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढली, रस्त्यावर ठेवली, गुडघ्यावर बसून बुडबुडा बघितला आणि उभे राहून जाहीर केलं, "उतार आहे. डोळे फसतात." जमलेल्यांना हे आवडलं नाही. एकाने तर पाणसळच वाकडी असल्याचं सांगितलं. नानांनी ती उलटी करून पुन्हा दाखवली.

माथ्यावर दत्ताचं मंदिर आहे. तिथे आरतीनंतर कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवायची जुनी पद्धत आहे. कोकणातल्या माणसाला पाकिस्तानच्या सरहद्दीजवळच्या डोंगरावर दत्त भेटला तर तो ढोलकी काढणारच. त्या वर्षी डिकीत होतीच. नानांनी दत्ताचं भजन धरलं आणि पहिली थाप मारली. टण्ण! आम्ही सगळे दचकलो. आठवडाभराच्या कोरड्या हवेने पुडी अशी ताणली होती की सूर कुठच्या कुठे चढला होता. त्या सुरात गायला गेले तर नानांचा आवाज फुटला, मास्तरांचा बसला, आणि शेवटी एकट्या नानी गायल्या. गळा चांगला आहे त्यांचा. हे चाळीस वर्षांत नानांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी त्यांनी ढोलकी बाजूला ठेवून ऐकलं. कोल्हे आले नाहीत. नानांच्या मते ढोलकीमुळे.

परतीच्या प्रवासात नाना बोलत नाहीत. सुरतेला काच वर करतात. पनवेल आलं की यंत्राकडे बघायचं टाळतात. खारपाड्याचा पूल लागतो, खाडीचा वास गाडीत शिरतो, आणि मग मात्र एक गोष्ट होते जी ते कधीच कबूल करणार नाहीत. काच पुन्हा खाली होते. हात बाहेर येतो. आणि पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ते हात आत घेत नाहीत.

थोरल्या आत्या दारात असतात. वय नव्वदीच्या आसपास, जिभेची धार कायम. दरवर्षी त्या एकच विचारतात, "काय आनलास रे तिकरशी?"

"मीठ," नाना म्हणतात आणि पुडी पुढे करतात.

"आरे, आपले खाजनान मीठ नाय काय?"

यावर नानांकडे उत्तर नाही.

तीन गोधड्या नानींनी धुऊन टाकल्या. चौथी नानांनी धुऊ दिली नाही, आठवण म्हणून ठेवली. पहिला पाऊस पडायच्या आधीच ती ओली झाली. मिठाने भरलेलं कापड हवेतलं पाणी ओढून घेणारच, हे मिठागरावर वाढलेल्या माणसाला सांगायला नको. बाजारातून आणलेल्या यंत्राची स्प्रिंग दुसऱ्याच पावसाळ्यात गंजली. तेव्हापासून त्याच्या जोडीला ओटीवर खिळ्याला ती गोधडी टांगलेली आहे. येता-जाता नाना तिचा कोपरा पिळून बघतात. नुसती दमट लागली तर सत्तर, हाताला पाणी लागलं तर नव्वद, टपटपायला लागली तर छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. आमच्या आळीत आता शेतावर जाणारी माणसंसुद्धा आधी नानांच्या ओटीवर डोकावून जातात, आणि हवामान खात्याहून गोधडीचा अंदाज बरा, असं मत झालं आहे.

मास्तरांनी यंदा गुडघ्यांचं कारण सांगितलंय, त्यामुळे गाडीत मागची एक जागा रिकामी आहे. ज्याला यायचं असेल त्याने दसऱ्याच्या आत नानांना येऊन भेटावं. सायकल स्वतःची आणावी, पंक्चरचं सामान आणू नये, ते आहे. खोबरेल तेल भरपूर आणावं. घरात काही सादळलं असेल तर तेही चालेल. फक्त गोधडी आणायची असेल तर आधी नानींना विचारावं.